निजाम
निजाम : दख्खनमधील दोन राजघराण्यांना लाभलेले उपाधिवाचक नाव. मोती ओवणे, रचना करणे ह्या अर्थाच्या अरबी धातूपासून निजाम (व्यवस्था) हा शब्द बनला. निजाम-उल्-मुल्क म्हणजे राज्याची व्यवस्था राखणारा. मूळच्या ह्या वजिराच्या बिरुदास सेल्जुक वजीर हसन तूसी (१०१८–९२) याच्यामुळे ख्याती मिळाली.

दख्खनमध्ये ते बहमनी वजीर मलिक हसन यास मिळाले. त्याचा पुत्र मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला व पित्याच्या उपाधीवरून त्याच्या अहमदनगरच्या (विद्यमान अहिल्यानगर) राज्यास निजामशाही हे नाव पडले. ती १६३६ मध्ये शाहजहानने संपुष्टात आणली. पुढे मोगल सरदार मीर कमरुद्दीन यास फर्रुखसियर बादशाहाने १७१३ मध्ये हीच उपाधी दिली. त्याने साखरखेर्ड्याच्या लढाईत (१७२४) मुबारिझखानाचा पराभव करून दख्खनची सत्ता मिळविली. १७२५ मधील आसफजाह ह्या किताबावरून त्याचे घराणे आसफजाही ठरले. मात्र लोकांत निजाम हेच नाव रूढ झाले. सिल्लोडसह मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत ह्या घराण्याच्या हैदराबाद संस्थानात होता.

दोन्ही घराण्यांत रक्ताचे नाते नव्हते. त्यामुळे सिल्लोड परिसरातील एखादी वास्तू वा सनद ‘निजामकालीन’ म्हटली, तरी सन पाहिल्याविना ती मलिक अंबरच्या काळातील निजामशाहीची की आसफजाहीची, हे ठरत नाही. चाकरीची उपाधी दोनदा स्वतंत्र सत्तेचे कुलनाम बनली, हे ह्या शब्दाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.