पायाच्या खोल नीलांतील रक्तगुठळीचे निदान आणि सोनोग्राफी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पायाच्या खोल नीलेत गोठलेल्या रक्ताचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकल्यास रुग्ण अल्पावधीत दगावू शकतो. हा संबंध जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 19 व्या शतकाच्या मध्यास स्पष्ट केला. तथापि जिवंत रुग्णातील अशी गुठळी खात्रीने कशी ओळखावी, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. या प्रश्नाच्या उत्तराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लक्षणांकडून क्ष-किरणांकडे :
पायाची सूज व पोटरीतील वेदना ही लक्षणे अन्य विकारांतही आढळतात. पाऊल वर वाकवले असता पोटरी दुखणे, हे जॉन होमन्स यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले चिन्हही भरवशाचे ठरले नाही. चुकीची किंमत दुहेरी होती. गुठळी नजरेतून सुटल्यास मृत्यूचे भय, तर नसलेल्या गुठळीवर रक्त गोठू न देणारे औषध दिल्यास रक्तस्रावाचा धोका. 1938 मध्ये पोर्तुगालमधील जुआंव सिद दोस सांतोस यांनी नीलेत क्ष-किरणरोधी द्रव टोचून तिचे चित्र घेण्याची पद्धत वर्णिली. पुढे ही पद्धत प्रमाण मानली गेली. परंतु ती वेदनादायक होती आणि वारंवार करणे अवघड होते.

ध्वनीचा उपयोग :
ख्रिस्तियन डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडलेल्या तत्त्वावरील उपकरणांचा वापर 1960 च्या दशकात अमेरिकेतील यूजीन स्ट्रँडनेस प्रभृतींनी रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी केला. त्यांद्वारे रक्तप्रवाह ऐकू येई, गुठळी मात्र दिसत नसे. 1980 च्या दशकात सोनोग्राफीच्या पडद्यावर नीला दिसू लागली आणि एक साधी कसोटी हाती आली : निरोगी नीला वरून दाबताच मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. 1989 मध्ये लेन्सिंग व सहकाऱ्यांनी 220 रुग्णांत या कसोटीची तुलना क्ष-किरण चित्रणाशी केली. मांडी व गुडघ्यामागील नीलांत गुठळी असलेले सर्व 66 रुग्ण तिने ओळखले, तर निर्दोष 143 पैकी 142 जणांच्या नीला पूर्णपणे मिटल्या. मात्र केवळ पोटरीत गुठळी असलेल्या 11 पैकी चारच रुग्ण सापडले.

समारोप :
याच उणिवेमुळे, पहिली तपासणी निर्दोष आली तरी संशय उरल्यास सुमारे आठवड्याने ती पुन्हा करण्याची पद्धत रूढ झाली. सुई व क्ष-किरण यांविना होणारी ही तपासणी पुन्हा करणे सहज शक्य होते. सारांश, सोनोग्राफीने निदान सुलभ केले. मात्र रुग्णाची लक्षणे जाणून संशय घेण्याची चिकित्सकाची जबाबदारी तिने कमी केली नाही.