सरपंच समिती, श्रीरामपूर तालुका
तालुक्यातील सरपंचांची, पंचायत समितीला सल्ला देणारी वैधानिक समिती. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर, टाकळीभान, पढेगाव, उक्कलगाव इ. ग्रामपंचायती तिच्या कक्षेत येतात; श्रीरामपूर शहराचा कारभार नगरपरिषदेकडे असल्याने ते तिच्याबाहेर आहे.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून संमत झालेला महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम (१९६१) १ मे १९६२ पासून अंमलात आला. मूळ रचनेत ग्रामपंचायतींचे सदस्य निर्वाचक गणांतून पंचायत समितीवर आपले प्रतिनिधी निवडून देत. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर (१९९२) सर्व जागा मतदारांकडून थेट भरल्या जाऊ लागल्या. सरपंचांना तेथे स्थान देण्याची मुभा घटनेने राज्यांना ठेवली होती. महाराष्ट्राने ती वापरली नाही. ‘गण’ हा शब्द तेवढा मतदारसंघाचे नाव म्हणून उरला.

साहजिकच तालुका पातळीवर ग्रामपंचायतींना एकत्र आणण्याचे काम सरपंच समितीकडे राहिले. एकूण सरपंचांच्या एक-पंचमांश किंवा पंधरा, यांपैकी जी संख्या अधिक असेल तितके सरपंच पाळीपाळीने एक वर्षासाठी तिचे सदस्य होतात. मात्र अध्यक्ष त्यांच्यातून निवडला जात नाही. पंचायत समितीचा उपसभापती हा पदसिद्ध अध्यक्ष, तर विस्तार अधिकारी (पंचायत) हा सचिव असतो. सल्ला व समन्वय यांपलीकडे समितीला अधिकार नाहीत. या रचनेतील उणीव मार्च २०२२ मध्ये उघड झाली. पंचायत समितीची मुदत संपली, निवडणुका लांबल्या व कारभार प्रशासकाकडे गेला. गावोगावचे सरपंच पदावर असूनही त्यांच्या समितीला अध्यक्ष उरला नाही.