केंब्रिजला बाद करणारा माणूस कॉलेजात गेलाच नव्हता

सध्या कॉलेजच्या क्रिकेट सामन्यांचे दिवस आहेत. जव्हार-मोखाड्यातली पोरं मुंबई विद्यापीठाच्या स्पर्धांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतायत. म्हणून आज राजकारण बाजूला ठेवून गोलंदाजीवर लिहितो. पण वाचता वाचता तुमच्या लक्षात येईलच, राजकारण काही फार बाजूला राहत नाही.

विद्यापीठाच्या संघाविरुद्ध आपल्या माणसाने केलेली सगळ्यात गाजलेली गोलंदाजी कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे: 1911, केंब्रिज. भारताचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. समोर केंब्रिज विद्यापीठ, म्हणजे साहेबांच्या बड्या घरची शिकलेली पोरं. आपल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 103 धावा देऊन त्यांचे 8 गडी बाद केले. त्याचं नाव पालवणकर बाळू. हा माणूस कधी कॉलेजची पायरी चढला नव्हता. क्रिकेटच्या मैदानावर तो आला तोच झाडू मारायला आणि रोलर ओढायला.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातलं, चर्मकार समाजातलं, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात आधी पारशी क्लबात आणि मग पूना जिमखान्यात बाळू मैदानाची देखभाल करायचे. जिमखान्यात पगार महिना 4 रुपये. गोरे साहेब सरावाला आले की त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायचं कामही बाळूंकडेच. त्यात ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. आपल्याला बाद केलं की तो दरवेळी बाळूंना आठ आणे द्यायचा, असा किस्सा सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण तासन्‌तास गोलंदाजी करवून घेणाऱ्या साहेबांनी बाळूंच्या हातात बॅट मात्र दिली नाही.

आणि इथेच सगळी मेख आहे. त्या काळी फलंदाजी हे मालकाचं काम आणि गोलंदाजी हे गड्याचं. 1911 च्या संघाचा कप्तान कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय 19. महाराज बरेच सामने खेळलेच नाहीत. बाळू मात्र टाकत राहिले. अख्ख्या दौऱ्यात 114 बळी, सरासरी 18.84. संघ बहुतेक सामने हरला, पण लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंटी संघांना हरवून आला. त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम यांचा वाटा मोठा होता.

आता मायदेशाचं बघा. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून बाळू संघात हवे होते. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात. चेंडू चालला, कप नाही चालला! पुढे बाळू मुंबईला आले आणि 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. देशभर गाजलेला विजय होता तो.

तरी कप्तानपद? ते बाळूंना शेवटपर्यंत मिळालं नाही. 1920 साली त्यांना संघातून वगळलं आणि कप्तानीसाठी विठ्ठल यांनाही डावललं, तेव्हा धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल निषेध म्हणून बाजूला झाले. गाजावाजा झाला. मग अंतिम सामन्याला बाळूंना उपकप्तान केलं गेलं. शेवटी 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

बाळू नंतर सार्वजनिक जीवनात आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आज नको. पण ज्याला कप मिळत नव्हता तो माणूस देशाच्या एवढ्या मोठ्या वादात एका बाजूने उभा राहण्याइतका मोठा झाला होता, आणि तो मोठा झाला चेंडूमुळे. हे विसरू नका.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. मोखाड्याचा घाट चढून त्र्यंबकमार्गे आपण बाजाराला, दवाखान्याला जातो ते नाशिक. तिथला बापू नाडकर्णी. हा मात्र विद्यापीठातून वर आलेला. मुंबईच्या बारिया यांनी दिवंगत मुलाच्या नावाने दिलेली रोहिंटन बारिया ट्रॉफी 1935 पासून विद्यापीठांमध्ये खेळली जायची. 1950-51 ला नाडकर्णी पुणे विद्यापीठाकडून त्यात उतरले, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या संघात आले. मग जानेवारी 1964, मद्रास कसोटी, समोर इंग्लंड. 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. त्यातली सलग 21 षटकं निर्धाव, ओळीने 131 चेंडूंवर एकही धाव नाही. बळी? शून्य! तरी साठ वर्षांनंतरही लोक ते आकडे पाठ म्हणून दाखवतात. सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे म्हणे. नाणं कुणाच्याही खिशात असतं हो. खेळपट्टी लागते.

तिसरा तर आपल्याच जिल्ह्यातला. शार्दुल ठाकूर. 4 जानेवारी 2022, जोहान्सबर्ग, 61 धावांत 7 बळी. तोवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत कुठल्याही भारतीयाने एका डावात इतकी चांगली गोलंदाजी केली नव्हती. शार्दुलने पालघरहून लोकलने मुंबईला ये-जा करून क्रिकेट शिकलं, हे आपण कौतुकाने सांगतो. सांगायलाच हवं. पण त्या गोष्टीत एक रेल्वे स्टेशन आहे, हेही बघा. जव्हारला रेल्वे नाही, मोखाड्याला नाही. संध्याकाळची एसटी चुकली की पोरगं अडकलं.

आणि खरी अडचण तर त्याच्याही आधीची आहे. क्रिकेटचा हंगाम कधी सुरू होतो? दिवाळीनंतर. भात कापून झालं, शेतं मोकळी झाली की गावोगाव टेनिस बॉलचे चषक लागतात. आणि आपल्याकडची कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर कधी जातात? तेव्हाच. भिवंडी, वसईच्या बाजूला. ज्या खांद्याने चेंडू टाकायचा त्याच खांद्यावर विटा येतात.

बाळू रोलर ओढता ओढता मोठे झाले. त्यांच्याकडे निदान रोलर फिरवायला खेळपट्टी होती! आपल्याकडे पोरगा टेनिस बॉलने स्टंप उडवतो आणि निवड चाचणीत पहिल्यांदा लेदर बॉल हातात धरतो. मग म्हणतात, आदिवासी भागातली पोरं टिकत नाहीत.

मागणी मोठी नाही. दोन्ही तालुक्यांत मिळून एक चांगली खेळपट्टी, दोन नेट, लेदर बॉल, आठवड्यातून तीन दिवस प्रशिक्षक. निवड चाचणीच्या दिवशी जायला-यायला गाडी. आणि स्थलांतराच्या काळात खेळणाऱ्या पोरांसाठी वसतिगृहात राहायची सोय. स्टेडियम नको, कोनशिला तर अजिबातच नको.

निवडणुकीत चषकांना नाव द्यायला, टी-शर्ट वाटायला सगळ्या पक्षांचे नेते पुढे येतात. यंदा कुणी मत मागायला आलं की टी-शर्ट घ्या, पण खेळपट्टीचंही विचारा. तुमच्या गावात लेदर बॉलचा नियमित सराव होत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. यादी करू. यादी किती लांब होते, ते आपल्या सगळ्यांनाच दिसेल.