ब्रिटनी: फ्रान्सच्या पश्चिम टोकाला सुट्टीला जाताय? मग हे माहीत असू द्या

फ्रान्स म्हटलं की पॅरिस आणि आयफेल टॉवर आठवतात. पण याच देशाच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात शिरलेल्या द्वीपकल्पावर, रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत दिसतात: फ्रेंच आणि ब्रेतॉन. हा प्रदेश म्हणजे ब्रिटनी.

ब्रिटनी वेगळी का?

पाचव्या-सहाव्या शतकात ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी आपली केल्टिक भाषा इथे आणली. त्यामुळे ब्रेतॉनचं जवळचं नातं फ्रेंचशी नाही, तर वेल्सच्या भाषेशी आहे. इथे स्वतंत्र डची होती, ती १५३२ मध्ये फ्रान्सला जोडली गेली. गावांची नावं अजून ही भाषा बोलतात. कँपेर शहराचं ब्रेतॉन नाव आहे केम्पेर, म्हणजे नद्यांचा संगम.

काय पाहाल?

फिनिस्तेर या जिल्ह्याच्या नावाचाच अर्थ 'जमिनीचा शेवट'. इथल्या प्वँत द्यु रा या टोकावर सुमारे ७० मीटर उंच कडे थेट समुद्रात उतरतात. कोंकार्नो इथे बंदराच्या पाण्यात बेटावर वसलेलं तटबंदीचं जुनं गाव आहे. कार्नाकमध्ये हजारो वर्षांपूर्वी रांगेत उभे केलेले तीन हजारांच्या आसपास दगड दिसतात. किनाऱ्याने जाणारी पायवाट दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. तस्करीवर नजर ठेवणारे जकात शिपाई पूर्वी या वाटेने गस्त घालायचे.

एक खबरदारी: सँ-मालोच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरच्याही वर जातो. ओहोटीत चालत गाठलेल्या बेटावर भरती आली की माणूस अडकतो. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय वाळूवर लांब जाऊ नका.

काय खाल?

कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, म्हणजे गालेत, हे इथलं रोजचं खाणं. 'कॉम्प्लेत' मागवलं तर त्यात डुकराचं मांस असतं. शाकाहारी असाल तर चीज आणि मशरूमचं मागा, अंडं नको असल्यास तसं सांगा. गोडात दुआर्ननेचा 'क्विन्यामान' चाखा. नावाचा अर्थ 'लोण्याचा केक', आणि लोणी खरंच भरपूर असतं.

भाषेचं काय झालं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेतॉन बोलणारे दहा लाखांच्या घरात होते. आज ते लाखभर उरले आहेत, आणि त्यांतले बरेच वयस्कर. शाळेत ब्रेतॉन बोलताना पकडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी बुटासारखी वस्तू अडकवली जाई. दुसरा कुणी ब्रेतॉन बोलला की ती त्याच्याकडे जाई. अशी शिक्षा भोगलेल्या कित्येकांनी पुढे आपल्या मुलांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. १९७७ मध्ये पालकांनी ब्रेतॉन माध्यमाच्या 'दिवान' शाळा सुरू केल्या. या शब्दाचा अर्थ आहे 'अंकुरणे'.

ही संस्कृती पाहुण्याला कुठे भेटते?

उंच लेसच्या टोप्या आणि भरतकामाचे पोशाख आता मुख्यतः उत्सवांत दिसतात. जुलैत कँपेरला आणि ऑगस्टमध्ये लोरियाँला मोठे महोत्सव होतात. पण खरी मजा 'फेस्त-नोझ'मध्ये आहे. हा रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत २०१२ पासून आहे. एक गायक ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, आणि लोक करंगळीत करंगळी गुंफून साखळीत नाचतात. नवख्यांनाही साखळीत जागा मिळते. गावातल्या भित्तिपत्रकांवर तारीख शोधा.

जायचं कसं?

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. पॅरिसहून वेगवान रेल्वेने कँपेर साडेतीन ते चार तासांवर आहे. उन्हाळ्यातही पाऊस येतो, म्हणून रेनकोट हवाच. सोबत तीन शब्द ठेवा: 'देमात' म्हणजे नमस्कार, 'त्रुगारे' म्हणजे धन्यवाद, 'केनावो' म्हणजे पुन्हा भेटू. समोरच्याला ब्रेतॉन येत नसलं, तरी 'केनावो' तिथे जवळपास प्रत्येकाला कळतं.