राईच्या ग्रामसभेची जागा कोण घेणार?

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने निघाले की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे लागतात. शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर पिढ्यान् पिढ्या उपजीविका करणाऱ्या या पट्ट्यात गावाचे प्रश्न पूर्वी ग्रामसभेत मांडले जात. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. १९९० मध्ये राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आदी गावेही तीत विलीन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महापालिका झाली. गाव शहरात आले, परंतु प्रत्येक मतदाराला बोलण्याचा अधिकार देणारी ग्रामसभा कायद्याने संपुष्टात आली. तिची उणीव भरून काढणारी नागरिक सल्लागार समिती कशी असावी, तिला कायद्याचा आधार कितपत आहे आणि इतर शहरांचा अनुभव काय सांगतो, याचा हा आढावा.

मेट्रोने दिलेला धडा

दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो-९ मार्गिकेची कारशेड प्रथम राई, मुर्धे, मोर्वा परिसरात प्रस्तावित होती. घरे आणि शेतजमिनी जाण्याच्या भीतीने ग्रामस्थांनी तिला तीव्र विरोध केला. पुढे ही कारशेड डोंगरी येथे हलवण्याचा निर्णय झाला. तेथेही बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ मध्ये आंदोलने झाली आणि मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या गेल्या. कारशेड असावी की नसावी, हा स्वतंत्र वाद आहे. मात्र दोन्ही वेळा ग्रामस्थांचे म्हणणे ठळकपणे पुढे आले ते जागा ठरल्यानंतर, आंदोलन आणि हरकतींच्या स्वरूपात. आराखडा कागदावर असतानाच चर्चा होईल असे नियमित व्यासपीठ गावाला उपलब्ध नव्हते.

त्यातच नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपल्यानंतर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि मीरा-भाईंदरलाही लोकनियुक्त सभागृह पुन्हा मिळाले. सभागृहाची सदस्यसंख्या ९५ आहे. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर असलेली लोकसंख्या जमेस धरली, तरी एका नगरसेवकामागे सरासरी आठ हजारांहून अधिक रहिवासी येतात. निवडून आलेला प्रतिनिधी कितीही कार्यक्षम असला, तरी एवढ्या लोकांचे मत त्याला एकट्याने जाणून घेता येणे कठीण आहे.

कायदा काय म्हणतो?

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार या समितीत त्या क्षेत्रातील नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी असतात. त्याखेरीज स्थानिक स्वयंसेवी व लोकसंस्थांच्या सदस्यांतून तीनपर्यंत व्यक्ती नामनिर्देशित करता येतात. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता यांविषयीच्या तक्रारींचे निवारण करणे आणि प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे, ही समितीची कामे होत. या तीन जागा कळीच्या आहेत. तेथे अभ्यासू संस्थांऐवजी पक्षांच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते, अशी तक्रार अनेक शहरांतून ऐकू येते.

दुसरी तरतूद क्षेत्रसभेची आहे. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानात लोकसहभागाचा कायदा करणे ही राज्यांसाठी एक अट होती. त्यानुसार महाराष्ट्राने अधिनियमात दुरुस्ती केली. लगतच्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांची सभा नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली भरावी, अशी कल्पना त्यामागे आहे. ग्रामसभेच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. मात्र एका प्रभागातून चार नगरसेवक निवडले जातात, तेव्हा सभा बोलावण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो.

सल्लागार समिती यांपैकी कशातही मोडत नाही. प्रशासन किंवा नागरिक ती स्वेच्छेने स्थापन करू शकतात, पण तिचा सल्ला महापालिकेवर बंधनकारक नसतो. म्हणूनच तिला क्षेत्रसभा आणि प्रभाग समितीशी जोडून घेणे हिताचे ठरते.

इतर शहरांचा अनुभव

ठाणे जिल्ह्यातीलच उदाहरण बोलके आहे. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा सामान्य रहिवाशांना त्यांत स्थान मिळाले आणि शांततेच्या काळातही बैठका होत राहिल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

मुंबई महापालिकेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कचरा वर्गीकरणासाठी, गल्लीपातळीवरील नागरिक गटांची योजना सुरू केली. अनेक गट चांगले चालले, परंतु त्यांत प्रामुख्याने मध्यमवर्गीय सोसायट्याच राहिल्या, अशी टीकाही झाली. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याचा प्रघात पाडला. नागरिकांच्या सूचनेला निधीची जोड मिळाल्याने तिला अर्थ प्राप्त होतो, हे त्याचे महत्त्व.

समिती कशी असावी?

या अनुभवांवरून राईसारख्या गावासाठी काही सूत्रे निघतात. समितीत मूळ ग्रामस्थांबरोबर नव्या इमारतींतील रहिवासी, भाडेकरू, शेतकरी, मासळी विक्रेत्या महिला, बचत गट आणि तरुण यांना ठरावीक जागा असाव्यात. सदस्यांची मुदत निश्चित असावी व पक्षाचे पदाधिकारी त्यांत नसावेत. बैठकीची तारीख व विषयपत्रिका आधी फलकावर लावावी आणि इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध करावे. प्रत्येक शिफारशीवर प्रभाग अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे कारणांसह लेखी उत्तर द्यावे. अंदाजपत्रकाचे प्रस्ताव आयुक्तांकडे जाण्यापूर्वीच समितीची बैठक झाली पाहिजे. नंतर होणारी चर्चा निव्वळ उपचार ठरते.

यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. प्रभाग समितीवरील नामनिर्देशित सदस्यांची निवड खुल्या पद्धतीने करणे आणि क्षेत्रसभेची पहिली तारीख जाहीर करणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. नवे सभागृह नुकतेच कामाला लागले असल्याने तशी मागणी लेखी स्वरूपात करण्याची हीच योग्य वेळ आहे.