मूळ संकेतावली कोणती?

युनिक्स संगणकांवरील ‘आयकॉन्व्ह’ ही आज्ञा मजकूर एका संकेतावलीतून दुसरीत नेते. मूळ संकेतावली कोणती, हे मात्र ती ओळखत नाही. ते आपणच सांगावे लागते. संगणकावरील जुन्या मराठी मजकुराची सारी अडचण याच प्रश्नात आहे.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ संकेतावली प्रमाण ठरवली. तिच्यात ‘क’चा क्रमांक १७९, युनिकोडमध्ये २३२५. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली, म्हणून हे रूपांतर बरेचसे सरळ होते.

छपाईसाठी मात्र असे अनेक फाँट वापरात होते, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येकाची वाटणी निराळी. इस्कीत ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग वेलांटी. अशा फाँटांत दिसते तशी वेलांटी आधी. त्यामुळे अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. आयकॉन्व्हला अशा फाँटांचे तक्ते ठाऊक नाहीत.

म्हणून जुन्या फायलींबरोबर फाँटचे नाव आणि त्याचा तक्ता यांची नोंद ठेवणे हेही दप्तर जपण्याचेच काम आहे. ती नोंद नसेल, तर फाईल शाबूत असूनही तिच्यातले मराठी हाती लागणे कठीण.