ग्राहक प्रकाशक झाला तेव्हा

१/ संशोधन-नियतकालिके विकत घेणे आणि जपणे, हे विद्यापीठीय ग्रंथालयाचे परंपरागत काम. १९९० मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मात्र स्वतःच एक नियतकालिक काढले आणि ते वाचकांना विनामूल्य दिले. तेव्हा वेब सर्वांसाठी खुले झालेले नव्हते. त्याविषयीचा हा धागा.

२/ पार्श्वभूमी अशी : १९८०च्या दशकात नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रंथालयांच्या तरतुदीपेक्षा वेगाने वाढत होत्या. लेख प्राध्यापकांनी लिहायचे, परीक्षणही बहुधा विनामोबदला त्यांनीच करायचे, हक्क मात्र प्रकाशकाकडे. आणि तोच मजकूर विद्यापीठाने पुन्हा पैसे मोजून घ्यायचा!

३/ ह्यूस्टनचे ग्रंथपाल चार्ल्स बेली यांनी १९८९ मध्ये ग्रंथालयांतील संगणकवापराच्या चर्चेसाठी 'पॅक्स-एल' ही ई-मेल यादी सुरू केली होती. तिच्याच आधाराने 'द पब्लिक-ॲक्सेस कॉम्प्युटर सिस्टिम्स रिव्ह्यू' हे नियतकालिक निघाले.

४/ अंक निघाला की सदस्यांना ई-मेलने अनुक्रमणिका मिळे. हवा त्या लेखासाठी एका ओळीची आज्ञा पाठवली की लेख ई-मेलनेच येई. केवळ साधी अक्षरे. परंतु कागद नाही, टपालखर्च नाही, वर्गणी नाही.

५/ याहून महत्त्वाची बाब हक्कांची. लेखाचा स्वामित्वहक्क लेखकाकडेच राही. अभ्यासक आणि ग्रंथालये यांना अव्यावसायिक वापरासाठी प्रती काढण्याची परवानगी अंकातच छापलेली असे. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' तेव्हा दशकभर दूर होते. 'मुक्त प्रवेश' ही संज्ञा बुडापेस्ट जाहीरनाम्यामुळे २००२ मध्ये सर्वतोमुखी झाली.

६/ शतक सरता सरता हे नियतकालिक थांबले. मागे प्रश्न उरला : प्रत्येक ग्रंथालयाने ही यंत्रणा नव्याने का उभारावी?

७/ त्याचे एक उत्तर कॅनडातून आले. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 'पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट' सुरू केला. त्यातून 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही मुक्त संगणकप्रणाली घडली. लेख स्वीकारणे, परीक्षण, संपादन, प्रकाशन : सारे एका जागी. २००५ पासून सायमन फ्रेझर विद्यापीठाचे ग्रंथालय या कार्यात सहभागी झाले. आज जगभरची हजारो नियतकालिके, भारतातीलही, याच प्रणालीवर चालतात.

८/ प्रणाली विनामूल्य असली, तरी संपादकाचा वेळ, सर्व्हरची देखभाल आणि जुन्या अंकांचे जतन यांना खर्च येतोच. वाचकाला जे फुकट मिळते, त्याचे मोल कोणीतरी आधी चुकवलेले असते. ते वाचकाच्या खिशातून न घेता ग्रंथालयाने उचलावे, हा ह्यूस्टनचा खरा वारसा. म्हणूनच ग्रंथालयाच्या तरतुदीला कात्री लागते, तेव्हा केवळ खरेदी थांबत नाही. प्रकाशनही थांबू शकते.